स्वस्त खोली आणि लांबचा रस्ता

सुटीत मुलाबाळांसह प्रवासास निघावयाचे ठरले, की तिकिटांखालोखाल प्रश्न उभा राहतो तो उतरावयाचे कोठे, याचा. नातेवाइकांचे घर असेल तर चिंता मिटली. ते नसेल तर लॉज शोधणे आले. आणि तो शोधताना आपल्यापैकी बहुतेकांची नजर प्रथम भाड्याच्या आकड्यावर जाते. गावाबाहेरच्या लॉजचे भाडे कमी असते, खोली ऐसपैस असते, हवाही मोकळी असते. मग तेथेच का उतरू नये, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र खोलीचे भाडे हा मुक्कामाच्या खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग रस्त्यावर द्यावा लागतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

उदाहरणादाखल म्हैसूरचा लष्कर मोहल्ला घेऊ. म्हैसूरचे जुने भाग मोहल्ल्यांच्या नावांनी ओळखले जातात : देवराज मोहल्ला, मंडी मोहल्ला, नझरबाद मोहल्ला इत्यादी. पुण्याचे किंवा ग्वाल्हेरचे लष्कर ठाऊक असलेल्या मराठी माणसास हे नाव परके वाटावयाचे नाही. येथील अशोक रस्त्यावर सेंट फिलोमिनाचे भव्य चर्च आहे. त्याची कोनशिला 1933 मध्ये महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या हस्ते बसविली गेली. परगावच्या गाड्यांचे बसस्थानक या भागास लागूनच असल्याने आसपास साध्या लॉजची वर्दळ आहे. येथे थाटाची अपेक्षा धरू नये. खोल्या बहुधा लहान असतात, खिडकी कधी शेजारच्या भिंतीकडे उघडते, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळीच मिळते, आणि पहाटेपासून मोटारींचे आवाज कानी येतात. परंतु राजवाडा, देवराज बाजार आणि शहर बसचे स्थानक ही सर्व पायी गाठता येतात. आजीस दुपारी थकवा आला, तर तिला खोलीवर सोडून इतरांना पुन्हा बाहेर पडता येते.

आता दूरच्या खोलीचा हिशेब मांडून पाहू. समजा, आईवडील, दोन मुले आणि आजी असे पाच जणांचे कुटुंब तीन दिवस मुक्कामास आहे, आणि गावाबाहेरच्या लॉजमध्ये रोज 400 रुपये वाचतात. म्हणजे एकूण बचत 1200 रुपयांची. एका खेपेचे बसभाडे माणशी 20 रुपये धरले, तर पाच जणांचे जाण्यायेण्याचे रोजचे 200 रुपये होतात. दुपारी विश्रांतीसाठी सर्वांनी एकदा परतावयाचे ठरविले, की आणखी 200. तीन दिवसांत 1200 रुपये गेले. बचत शून्यावर आली. एखाद्या रात्री शेवटची बस चुकली, की पाच माणसे एका रिक्षात मावत नाहीत. दोन कराव्या लागतात, आणि हिशेब तोट्यात जातो. प्रत्येक खेपेस पाऊण तास लागला, तर रोजचे तीन तास, म्हणजे तीन दिवसांत नऊ तास प्रवासात जातात. फिरावयाचा जवळजवळ एक दिवस असा रस्त्यातच संपतो.

म्हैसुरात ही अडचण विशेष जाणवते, कारण येथील पाहण्यासारख्या काही गोष्टी सायंकाळच्या आहेत. जुना राजवाडा 1897 मध्ये आगीत जळाल्यावर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार नवा वाडा उभा राहिला व तो 1912 मध्ये पूर्ण झाला. रविवारी, सार्वजनिक सुटीच्या दिवशी आणि दसऱ्याच्या दिवसांत सायंकाळी तो जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळतो. कृष्णराज सागर धरणाजवळच्या वृंदावन उद्यानातील कारंजीही दिवेलागणीनंतरच पाहावयाची असतात, आणि ते स्थळ शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथून परतल्यावर पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाची बस शोधावयाची वेळ पेंगुळलेल्या मुलांना कडेवर घेतलेल्या आईवर येऊ नये.

दूर राहणे वाईटच, असे मात्र नव्हे. याच शहरात, चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या बाजूस, 1921 मध्ये व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी ललित महाल बांधला गेला. पुढे 1974 मध्ये त्याचे हॉटेल झाले. गावापासून तो दूर आहे. पण ज्याच्या दारात मोटार उभी, त्यास अंतराची तमा कशाला?

ज्यांच्यापाशी मोटार नाही अशांसाठी दूरची वस्ती सोयीची कशी होते, याचे उत्तर मॉस्कोत पाहावयास मिळते. सोव्हिएत राजवटीने 1980 च्या ऑलिंपिकसाठी शहराच्या पूर्वेस इझमायलोव्हो येथे उंच इमारतींचे एक प्रचंड हॉटेल बांधले. त्यांतील बहुतेक इमारतींना ग्रीक अक्षरांची नावे दिली. सोव्हिएत काळच्या हॉटेलांत प्रत्येक मजल्यावर किल्ल्या सांभाळणारी एक बाई बसत असे, आणि थाटापेक्षा माणसांची सोय लावण्याकडे अधिक लक्ष असे. हे हॉटेल मध्यवस्तीपासून पुष्कळ दूर आहे. तरीही सामान्य प्रवाशास ते परवडते, कारण काही मिनिटांच्या चालीवर भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, आणि तेथून पाचवे स्थानक लाल चौकाजवळचे. हे रेल्वेस्थानक 1944 सालचे. हॉटेल त्यानंतर छत्तीस वर्षांनी आले. आधी रूळ आणि मग खोल्या, हा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे पुष्कळदा गावाबाहेर खोल्या आधी होतात आणि बसची वाट मागाहून पाहावी लागते.

जवळ उतरण्याचे महत्त्व आपल्या पूर्वसूरींनीही ओळखले होते. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या, त्या दमून आलेल्या गरीब यात्रेकरूस तीर्थाच्या ठिकाणीच आसरा मिळावा म्हणून. कर्नाटकात अशाच आश्रयस्थानास छत्र म्हणतात. शब्दातच सावली आहे.

तेव्हा खोली ठरविण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. बसथांबा दारापासून किती पावलांवर आहे? रात्रीची शेवटची बस किती वाजता सुटते? पहाटेच्या गाडीसाठी वाहन मिळते काय? वृद्धांना जिना किती चढावा लागेल? उत्तरे समाधानकारक असतील, तर दूरची खोली खुशाल घ्यावी. दसऱ्यात मध्यवस्तीत जागा मिळणे कठीण होते आणि भाडीही चढतात. त्या दिवसांत तर दूर राहणेच कित्येकदा शहाणपणाचे ठरते.

आणखी एक गोष्ट घरातील कर्त्या माणसांनी विसरू नये. वाचलेले पैसे वहीत दिसतात. त्यासाठी झालेली दगदग कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. ती आजीच्या गुडघ्यांस आणि ओले कपडे, खाऊचे डबे व झोपलेले मूल सांभाळणाऱ्या गृहिणीस सोसावी लागते. म्हणून मुक्कामाची जागा एकट्याने ठरवू नये. चालावयाचे ज्यांना अधिक जड जाते, त्यांचे मत प्रथम घ्यावे, आणि मगच भाड्याचा आकडा पाहावा.