तीन विषयांची गुणपत्रिका

रविवारी संध्याकाळी बाहेर काय खायचे, या प्रश्नावर आमच्या बीडमध्येही आता घराघरांत दोन पक्ष पडू लागले आहेत. मुलांचा पक्ष पिझ्झा-बर्गरचा. पुण्याला शिकणाऱ्या मावसभावाने एकदा चव दाखवली की गावातले काही गोड लागत नाही. आजी-आजोबांचा पक्ष म्हणतो, त्या मैद्याच्या गोळ्यापेक्षा आपल्या गाडीवरचा गरम वडा काय वाईट? खिशात हात घालायचा असतो तो मधल्या पिढीला, त्यामुळे ती बिचारी तटस्थ राहते.

हा वाद ऐकताना मला नेहमी वाटते की आपण मार्क चुकीचे देतो. चव, दर्जा आणि तब्येत हे तीन वेगळे विषय आहेत. एखाद्याला एका विषयात भरपूर मार्क पडले की आपण त्याला उरलेल्या दोन विषयांतही उत्तीर्ण करून टाकतो. दुकान चकचकीत आहे, म्हणजे पदार्थ पौष्टिक असणार. वडा आपल्या मातीतला आहे, म्हणजे तो बाधणार नाही. दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

आधी देशी-परदेशीचा वाद बाजूला ठेवू. मॅकडोनाल्ड्सचे भारतातले पहिले दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडले आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला दुसरे. त्याच्या आदल्या वर्षी केंटकी फ्राइड चिकन बंगळूरला आले होते. कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. पण पुढे काय झाले? परदेशी कंपनीने गोमांस वगळले, शाकाहारी स्वयंपाक वेगळा ठेवला आणि पावात बटाट्याची टिक्की घातली. म्हणजे आपला वडाच जरा चपटा होऊन आला! इकडे दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असे मानला जाणारा वडापावही साखळीत गेला. २००१ मध्ये मालाडला सुरू झालेली ‘जम्बोकिंग’ आणि २००४ मध्ये कल्याणला सुरू झालेली ‘गोली’ ही त्याची उदाहरणे. गोलीचे वडे तर यंत्रावर तयार होतात आणि गोठवून दुकानांत जातात. तेव्हा कोण आपला आणि कोण परका, हे पाहून पोटाचा प्रश्न सुटत नाही.

पहिला विषय चवीचा. साखळी दुकानांचा सगळा भर एकसारखेपणावर असतो. पुण्यात खाल्लेला बर्गर नागपुरातही तसाच लागला पाहिजे, ही त्यांची प्रतिज्ञा. पिझ्झावाला चीजवर बाजी मारतो, बर्गरवाला सॉसवर, तर चिकनवाला वरच्या कुरकुरीत आवरणावर. थोडे खोलात गेले की मीठ, साखर आणि स्निग्धांश या तिघांचीच ही करामत आहे. गाडीवरच्या वड्याला ही शिस्त नाही. आज मिरची जास्त, उद्या आले जास्त. पण तो कढईतून निघतो आणि थेट आपल्या हातात येतो, लसणाची चटणी ताजी असते, आणि ‘मामा, अजून एक देऊ का?’ असे विचारणारा माणूस समोर असतो. चवीचे मार्क मी गाडीला देतो. ज्यांना दर वेळी तीच चव हवी त्यांनी खुशाल साखळीला द्यावेत.

दुसरा विषय दर्जाचा, आणि इथे मला गाडीवर प्रेम असूनही तिला कमी मार्क द्यावे लागतात. मोठ्या दुकानात कच्चा माल मोजून येतो, तळण्याला घड्याळ लावलेले असते, तेल तपासायची पद्धत असते. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात पोलर संयुगे नावाचे अपायकारक घटक वाढत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मी एका गाडीवाल्याला सहज विचारले, तेल कधी बदलता? तो निरागसपणे म्हणाला, ‘बदलायचं काय त्यात? कमी झालं की वरून नवं ओततो.’ त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. वडा वर्तमानपत्रात बांधून देण्याचेही तसेच. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून खाद्यपदार्थांसाठी छापील कागद वापरायला नियमाने बंदी आहे. आपण हा जो कागद वाचत आहात, त्यावरही उद्या कोणी भजी ठेवू नयेत!

पण मोठी पाटी म्हणजे हमी, असेही नाही. आपल्या शेजारच्या अहिल्यानगरात, तेव्हाच्या अहमदनगरात, २०२३ च्या अखेरीस अन्न व औषध प्रशासनाने मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानावर कारवाई केली. खऱ्या चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरून ग्राहकांची दिशाभूल होते, असा आक्षेप होता. आपण खरेच चीज वापरतो, असे कंपनीने ठामपणे सांगितले. तरी राज्यातल्या दुकानांतल्या काही पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द गेला. यातले तात्पर्य एवढेच की तिथे परवाना होता, यादीवर नाव छापलेले होते, म्हणून जाब विचारता आला. दर्जाचे मार्क साखळीला मिळतात ते याच कारणाने. तिला जाब विचारता येतो.

तिसरा विषय तब्येतीचा, आणि इथे दोन्ही विद्यार्थी जवळजवळ बरोबरीने गटांगळ्या खातात. टिक्कीचा साधा बर्गर घ्या की वडापाव घ्या, ढोबळ हिशेब ३०० ते ३५० कॅलरींचा. दोन्हींत मैद्याचा पाव, बटाटा आणि तळण. खरा घात होतो तो सोबतच्या गोष्टींनी. ३०० मिलिलिटर गोड कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ लहान चमचे. एवढी साखर कोणी चहात घातली तर आपण त्याला वेडा म्हणू. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तळलेले बटाटे, सॉस आणि चटणी यांत त्यातला बराच वाटा एका बैठकीत संपतो.

यात काळजीचे काय, असे कोणी म्हणेल. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याला वडापाव पचेल. पण शाळा सुटली की क्लास आणि एक क्लास सुटला की दुसरा क्लास, अशी बसून राहणारी मुले मधल्या अर्ध्या तासात रोज काय खातात, हे आपण पाहतो का? आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या पिझ्झाची मला एवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती या रोजच्या अर्ध्या तासाची.

मग करायचे काय? बंदी घालून मुले ऐकत नाहीत. पण मार्क द्यायला त्यांना शिकवता येते. देशात दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या दुकानांनी पदार्थापुढे कॅलरी लिहिल्या पाहिजेत, असा नियम आहे. मुलांनाच ती यादी वाचायला सांगावी आणि बेरीज करायला लावावी. कोल्ड्रिंकऐवजी पाणी घ्यावे. गाडीवर गेलो तर कढईतले तेल काळे, फेसाळ दिसते का ते बघावे, आणि कोरा कागद मागावा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला की अकराव्याला न मागता मिळतो.

आणि एक उमेदवार तर आपण परीक्षेलाच बसवलेला नाही. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तीळ, लसूण, मिरची कालवून थापलेले धपाटे तव्यावर चार मिनिटांत, चमचाभर तेलात होते. प्रवासात दोन दिवस टिकते आणि सोबत दही असले की पोटही भरते. रब्बीची ज्वारी आपल्याच शिवारात पिकते. क्लासच्या रस्त्यावर एखाद्या महिला बचत गटाने गरम धपाट्यांची गाडी लावली, तर चव, दर्जा आणि तब्येत या तिन्ही विषयांत तिला चांगले मार्क मिळतील. मात्र तिला गिऱ्हाईक व्हायचे काम आपले आहे.