खेळणारा, शिकवणारा, सांगणारा

स्वारगेटहून पायी जाण्याच्या अंतरात नेहरू स्टेडियम आहे, सणस मैदान आहे, गणेश कला क्रीडा मंच आहे आणि गुलटेकडीच्या बाजूला महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालयही आहे. खेळाशी नातं असलेल्या इतक्या जागा एका चौकाभोवती क्वचितच सापडतील. तरीही मैदानावर मुलाला सोडायला आलेल्या पालकांपुढे दहावीच्या वर्षी एकच पेच असतो: आता खेळायचं की शिकायचं? माझ्या मते हा पेच आपणच तयार केला आहे. खेळणं, खेळ शिकवणं आणि खेळ लोकांना सांगणं ही एकाच जाणकारीची तीन कामं आहेत. शाळेतून बाहेर पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आयुष्यात ही तिन्ही कामं करत असेल, तर ‘धड कशातच नाही’ हा शेरा त्यांच्यावर मारणं अन्यायाचं आहे. पुण्याने तर तो मुळीच मारू नये, कारण याच शहराने अशी माणसं घडवली आहेत.

प्रा. दि. ब. देवधर यांचंच पाहा. १८९२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस १९११ ते १९४८ अशी तब्बल ३७ वर्षं प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला आणि त्याच काळात स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत राहिला. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतकं ठोकली. भारताचा पहिला कसोटी सामना झाला तो १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळिशीत पोहोचले होते आणि कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. पण कसोटी नाही म्हणून आयुष्य फुकट गेलं, असं त्यांच्याबाबत कोण म्हणेल? त्या काळी अनेक खेळाडूंना संस्थानिकांच्या चाकरीवर अवलंबून राहावं लागे. प्राध्यापकाच्या पगाराने देवधरांना त्या मिंधेपणातून मोकळं ठेवलं, असं मला वाटतं. पुढे निवड समिती आणि क्रिकेट संघटनेतही त्यांनी काम केलं. शिकवणं हा त्यांच्या खेळातला अडथळा नव्हता. ते त्यांच्या खेळाचं बळ होतं.

दुसरं नाव बाळ ज. पंडित यांचं. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले पंडित पुढे आकाशवाणीवरून मराठीत धावतं समालोचन करू लागले आणि घराघरांत पोहोचले. क्रिकेटवर त्यांनी पुस्तकंही भरपूर लिहिली. रेडिओवरच्या समालोचकाचं काम किती अवघड असतं, हे टीव्हीच्या पिढीला सांगावं लागतं. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं. गोलंदाज कुठल्या टोकाकडून आला, चेंडूचा टप्पा कुठे पडला, फलंदाजाचा पाय पुढे गेला की जागीच राहिला, चेंडू कुणाच्या हातात गेला, धावा किती झाल्या, हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत सांगून संपवायचं. आता सणस मैदानावरच्या एखाद्या चांगल्या क्रीडाशिक्षकाकडे बघा. धाव घेताना मुलीचा खांदा का आखडतो, पाऊल कुठे चुकतं, हे तो तिला सांगतो. आणि तीही स्वतःला पाहू शकत नसते. नेमकं पाहायचं, आणि ज्याला ते दिसत नाही त्याला दिसेल असं सांगायचं, हेच दोघांचं काम. म्हणूनच मैदानावरून वर्गात आणि वर्गातून माइकसमोर जाणारा माणूस वाट सोडत नाही, असं मी म्हणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तो हौशी खेळाचा जमाना होता, आज एकाच गोष्टीचा ध्यास घेतल्याशिवाय वर जाता येत नाही. ध्यास हवा, हे मान्य. पण जे अगदी वर पोहोचतात त्यांचीही खेळण्याची वर्षं पस्तिशी-चाळिशीच्या आसपास संपतात, आणि जे पोहोचत नाहीत त्यांची फार आधी. केदार जाधवने महाराष्ट्राकडून त्रिशतक काढलं, भारताकडून तो खेळला, आणि २०२३ च्या आयपीएलमध्ये मराठी समालोचन करू लागला. स्पर्धा चालू असतानाच बंगळूरूने जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला संघात घेतलं. माइकवरचा माणूस पुन्हा खेळाडूंच्या यादीत गेला! २०२४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. भाषेची तयारी आधीच असेल तर निवृत्तीनंतरची वर्षं रिकामी जात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हर्षा भोगले कुठे मोठ्या पातळीवर खेळले होते? हैदराबादच्या प्राध्यापक घरातला हा मराठी माणूस रसायन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकून समालोचनात आला. खरं आहे, पण तेही विद्यापीठाच्या संघाकडून खेळले होते. शिवाय त्यांच्या उदाहरणातून माझंच म्हणणं पक्कं होतं. ऐकणारा कसोटीच्या टोप्या मोजत बसत नाही. त्याला खेळाची समज आणि भाषा हवी असते. या दोन्ही गोष्टी शाळा-कॉलेजच्या मैदानावर मिळू शकतात, त्यासाठी भारताकडून खेळावं लागत नाही.

तिसरा प्रश्न पोटाचा. नोकऱ्या आहेत कुठे? इथे मात्र पालकांची धास्ती रास्त आहे आणि दोष धोरणाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर मुलं असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे आणि तो अर्धवेळ! कायदाच ज्याला अर्धवेळ मानतो, त्याच्याकडे समाज पूर्ण वेळचा शिक्षक म्हणून कसा पाहणार? दुसरीकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातल्या भिंती पाडायला सांगतं. ही भिंत पाडायची तर आधी क्रीडाशिक्षकाला पूर्ण वेळ आणि पूर्ण पगार द्यावा लागेल. समालोचनाचं क्षेत्र मात्र रुंदावतं आहे. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत ऐकवली गेली, त्यात मराठी होती. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना तर मराठीत सांगणारी जाणती माणसं हवीच आहेत.

सुरुवात स्वारगेटलाच करता येईल. नेहरू स्टेडियम महापालिकेचं आहे. आंतरराष्ट्रीय सामने गहुंजेला गेले, तरी शालेय सामन्यांसाठी हे मैदान हाताशी आहे. महापालिकेने तिथल्या आंतरशालेय सामन्यांचं मराठी समालोचन विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावं. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांनी बोलणं आणि लिहिणं हा अभ्यासाचा भाग करावा, आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्राने त्यातल्या होतकरू मुलामुलींना आठवड्यातून अर्धा तास द्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही. येत्या शालेय हंगामापासून हे सुरू करा, एवढीच महापालिकेला आणि आकाशवाणीला विनंती आहे.