साक्षीदार स्वतःचेच शरीर

पर्यावरणाचे रक्षण हेच ज्यांचे काम, त्यांनाच आपल्या कचेरीतली हवा सोसवू नये, हा दैवदुर्विलासच. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयात नवे गालिचे अंथरले गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. कुणाचे डोळे चुरचुरत, कुणाचे डोके ठणके, कुणाचा श्वास कोंडे. काहींना तर त्या इमारतीत पाऊल टाकणेही अशक्य झाले. १९९३ मध्ये ज्यूरीने काही कर्मचाऱ्यांना इमारतमालकांकडून भरपाई देऊ केली; पण वाद मिटला नाही.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवण्यासाठी इमारती बंदिस्त झाल्या, बाहेरची ताजी हवा कमी झाली. त्यातून उद्भवलेल्या दुखण्यांना ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हे नाव मिळाले. नाव मिळाले, कारण मात्र हाती लागले नाही. गोंद, रंग, बुरशी, कोंदट हवा असे संशयित अनेक. पण ज्यात हे दुखणे हमखास पकडता येईल, अशी रक्ततपासणी नाही की एक्स-रे नाही.

माणसाची खरी कोंडी इथे सुरू होते. रविवारी बरे वाटते, सोमवारी दुपारी पुन्हा तेच. तपासणीत दोष निघत नाही. साहेब म्हणतात, ‘ताण घेऊ नका.’ शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याच हवेत ठणठणीत असतो. मग माणूस स्वतःचीच उलटतपासणी घेऊ लागतो : मी आजारी, की कामचुकार? की मनानेच दुबळा? दुखण्यापेक्षा हा संशय अधिक पोखरतो. चार जणांनी आपापली दुखणी एकमेकांना सांगितली, कोण कुठे बसतो याचा ताळा जमवला, की तोच माणूस स्वतःकडे रुग्ण म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून पाहू लागतो.

आपल्या गिरणगावाला हे नवे नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतर कामावर आल्या दिवशीच छाती आवळून येते. ते कामगाराच्या छातीला आधी कळले, वैद्यकाला नंतर.

प्रत्येक तक्रार हवेमुळेच असते असे नव्हे. ताणाचाही वाटा असू शकतो. पण कारण ठाऊक नसणे म्हणजे आजार खोटा असणे नव्हे. काचेच्या बंद कचेऱ्या आता मुंबई-पुण्यातही उभ्या आहेत. तिथे कुणी डोके दुखते म्हणाले, तर आधी हवा तपासावी, माणसाची नियत नंतर.