गेम खेळायला डोळे लागतातच का? वेगळा गेम नको, त्याच गेममध्ये जागा हवी

जिंतूर असो की गंगाखेड, जरा वेळ मिळाला की हात मोबाइलकडे जातो आणि लुडो, कॅरम नाहीतर क्रिकेटचा गेम सुरू होतो. अंध मुलांच्या हातातही तसाच फोन असतो. त्यावर ती व्हॉट्सॲप वाचतात, पैसे पाठवतात. गेम उघडला की मात्र फोन बहुतेक वेळा मुका होतो आणि मित्रांच्या खेळातून ती बाहेर पडतात. असे का होते आणि हे बदलता येईल का, समजून घेऊ.

फोन गेममध्येच मुका का होतो?

अँड्रॉइडमधले टॉकबॅक आणि आयफोनमधले व्हॉइसओव्हर २००९ पासून आहेत. बोट ज्या बटणावर जाईल त्याचे नाव ते बोलून दाखवतात, मराठीतही. पण त्यासाठी ॲप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलेले असावे लागते. अनेक गेम युनिटीसारख्या गेम इंजिनवर बनतात आणि तिथे सगळा पडदा एका चित्रासारखा रंगवला जातो. टॉकबॅकला त्यात ना फासा सापडतो, ना सोंगटी. अडचण नजरेची नाही, कोडची आहे. मोबाइलच्या स्क्रीन रीडरसाठीची सोय आता युनिटीनेही दिली आहे. ती वापरायची की नाही, हे गेम बनवणाऱ्याच्या हातात आहे.

हे कुणी करून दाखवले?

१९८० च्या दशकात 'झॉर्क'सारखे गेम निव्वळ मजकुरावर चालायचे. मजकूर बोलून दाखवणारा संगणक असला की अंध व्यक्तीही ते खेळू शकत होती. पुढे ग्राफिक्स आले आणि हे दार बंद होत गेले.

१९९७ मध्ये जपानच्या केंजी एनो यांनी सेगा सॅटर्नसाठी 'रिअल साउंड' हा गेम काढला. त्यात चित्रच नव्हते, फक्त आवाज. अंध व्यक्तींना एक हजार सॅटर्न यंत्रे देण्याचे त्यांनी सेगाकडून कबूल करून घेतले होते. २००१ मध्ये 'शेड्स ऑफ डूम' आणि २०१५ मध्ये फ्रान्सचा 'अ ब्लाइंड लेजेंड' आला. हे सगळे कानांनी खेळायचे, पण वेगळे गेम होते.

खरा बदल २०२० चा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या मोठ्या गेममध्ये ६० हून अधिक सुलभता सेटिंग दिल्या गेल्या. शत्रू कुठे आहे, वाट कुठे जाते, हे आवाजावरून कळू लागले. २०२३ मध्ये 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने वळण आणि वेग आवाजातून सांगितला. अंध खेळाडू आता बाकीच्यांसोबत त्याच गेममध्ये उतरला.

आपल्याकडे काय?

हे सूत्र आपल्याला नवे नाही. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू वाजतो. अंधांच्या बुद्धिबळ पटावर काळी घरे किंचित उंच असतात आणि मोहऱ्यांना खालून खुंटी असते. चाल मोठ्याने सांगितली जाते, त्यामुळे डोळस प्रतिस्पर्ध्याशीही बरोबरीचा डाव होतो. स्वतः दृष्टिहीन असलेले मुंबईचे बुद्धिबळपटू चारुदत्त जाधव यांनी 'टॉक६४' हे बोलणारे बुद्धिबळ सॉफ्टवेअर तयार करून हाच पट संगणकावर नेला. म्हणजे महाराष्ट्रात हे आधीच घडलेले आहे.

मग मागायचे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये मनोरंजनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, त्यासाठी तंत्रज्ञान विकसित करण्याचाही उल्लेख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक गेमला एक साधी अट हवी: बटणांना नावे द्या, महत्त्वाच्या घटनेला वेगळा आवाज द्या, सूचना मराठीत द्या.

'खर्च वाढेल' हे उत्तर ठरलेले आहे. इंजिनिअरिंग शिकलेल्याला त्यातली मेख कळते. सुरुवातीला केलेले हे काम थोडक्यात होते, गेम बाजारात गेल्यावर करायचे तर अर्धा गेम उकरावा लागतो. म्हणूनच अट पहिल्या दिवसापासून हवी. इंजिनिअरिंग कॉलेजांनी प्रोजेक्टचे गुण देतानाही एकदा पडदा बंद करून गेम चालतो का, ते पाहावे.

फोन घरात आलाच आहे, बोलणारा आवाजही त्यात आहे. त्याला बोलायला शब्द देणे एवढेच काम उरले आहे.