पाळण्यातला अपराधी

गेल्या पावसाळ्यात ओवे येथे आमच्या शेजारच्या एका ख्रिस्ती कुटुंबात मूल जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले. बाप्तिस्मा देण्यासही सवड मिळाली नाही. समाचारास आलेल्यांत दोन वृद्ध गृहस्थ होते. दोघेही सज्जन, दोघेही मनापासून दुःखी. त्यांतील एक त्याच धर्माचे. ते आईला म्हणाले, “बाळे, आदामाचा कलंक प्रत्येक जीव घेऊनच येतो. तो धुण्यापूर्वीच लेकरू गेले. आता देवाच्या दयेवर भार टाक.” दुसरे आमच्यापैकी. ते तेथे काही बोलले नाहीत, परंतु परतताना वाटेत आम्हांला म्हणाले, “पूर्वजन्मीचे काही फेडायचे राहिले असेल हो! एरवी तीन दिवसांचे आयुष्य कोणाच्या वाट्याला येते?”

एकाने त्या मुलाच्या माथी पहिल्या पुरुषाचे पाप मारले, दुसऱ्याने त्याच्याच एका विसरलेल्या जन्माचे. त्या जिवाने उभ्या आयुष्यात रडण्यापलीकडे काही केले नव्हते. परंतु दोन प्राचीन धर्मांच्या न्यायासनांपुढे तो अपराधी ठरला होता. हा न्याय कोणत्या प्रतीचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. पूर्वजांच्या कृत्यांचे परिणाम वारशाने येतात, अपराध येत नाही; आणि या दोहोंची गल्लत जेथे जेथे झाली तेथे तेथे धर्माच्या हातून अधर्म घडला आहे.

प्रथम ख्रिस्ती मताकडे वळू. आदामाच्या कथेत आज्ञाभंग आहे, शिक्षाही आहे. परंतु त्याचा दोष वंशजांत उतरतो, असे त्या कथेत कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही. यहेज्केल संदेष्ट्याने तर बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहावयाचा नाही, असे निक्षून सांगितले आहे. दोषाच्या वारशाचा सिद्धांत पक्का केला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने. रोमकरांस लिहिलेल्या संत पौलाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, मरण सर्वांवर कसे आले हे सांगणारे एक वाक्य आहे. सर्वांनीच पाप केले म्हणून मरण आले, असा मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ आज बहुतेक पंडित करतात. लॅटिन भाषांतरात त्याचे रूप असे झाले की, आदामाच्या ठायी सर्वांनी पाप केले, असा अर्थ त्यातून काढता यावा. ऑगस्टीनचे ग्रीक बेताचेच होते; त्याने हा दुसरा अर्थ घेतला. ग्रीक वाचणाऱ्या पौर्वात्य चर्चने आदामापासून मरण आणि दुर्बलता आली एवढे मानले, अपराध आला असे मानले नाही. पश्चिमेत मात्र ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ऑगस्टीनचाच पक्ष उचलून धरला.

सिद्धांताची खरी अडचण याच्या पुढे आहे. पाप हा आत्म्याचा धर्म. तो वारशाने यावयाचा तर आत्माही वारशाने आला पाहिजे. मग आत्मा येतो कोठून? यावर ख्रिस्ती पंडितांची तीन उत्तरे होती. टर्टुलियन म्हणे, देहाप्रमाणे आत्माही आईबापांपासूनच निपजतो. जेरोम म्हणे, प्रत्येक आत्मा ईश्वर नव्याने निर्माण करतो. ओरिजेन म्हणे, आत्मे देहापूर्वीच अस्तित्वात होते. हे तिसरे मत सहाव्या शतकात चर्चने त्याज्य ठरविले. उरली दोन. पहिले खरे धरावे तर आत्मा दिव्यावरून दिवा लावावा तसा वाटला जाणारा पदार्थ ठरतो, आणि तो जड नाही हे म्हणणे कठीण होते. दुसरे खरे धरावे तर नुकताच ईश्वराच्या हातून निघालेला, आदामाशी आत्मिक नाते नसलेला जीव देहात शिरताक्षणीच अपराधी कसा ठरतो? निर्माणकर्त्यानेच तो मलिन घडविला म्हणावे तर ईश्वराकडे दोष येतो. देहाच्या संगाने मलिन झाला म्हणावे तर मातीने आत्म्याला पाप लावले असे होते.

ही अडचण आम्ही शोधून काढलेली नव्हे. खुद्द ऑगस्टीनने ४१५ मध्ये जेरोमला पत्र लिहून हाच प्रश्न घातला होता, आणि त्यात त्याला सर्वांत जास्त छळीत होती ती तान्ह्या मुलांचीच गोष्ट. समाधानकारक उत्तर त्याला अखेरपर्यंत सापडले नाही. आत्म्याचे मूळ आपल्याला कळले नाही, अशी कबुली त्याने आयुष्याच्या संध्याकाळी दिली. या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु ज्याला आत्मा कोठून येतो हे ठाऊक नाही, त्याने तो अपराध घेऊन येतो हे मात्र निश्चयाने सांगावे, आणि बाप्तिस्म्यावाचून मेलेली बालके, सौम्य का होईना, पण शिक्षेचीच धनी ठरवावी, हे तर्काला धरून झाले काय? १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी आत्मे ईश्वर साक्षात निर्माण करतो, हे मत पुन्हा सांगितले आणि त्याच पत्रात आदामापासूनचे मूळ पापही कायम ठेवले. व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगाने २००७ मध्ये अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहेत असे जाहीर केले, हे चांगलेच झाले. आमच्या शेजारच्या वृद्धांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही इतकेच.

आता प्रायश्चित्ताकडे येऊ. दोष वारशाने आला, तर तो दुसऱ्याने फेडावा हे ओघानेच आले. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास पुरा केलेल्या ग्रंथात ही मांडणी केली. पाप म्हणजे ईश्वराच्या मानाचे बुडविलेले देणे. ते मानवाने द्यावयाचे, परंतु देण्याचे सामर्थ्य ईश्वरातच. म्हणून ईश्वर मानव झाला. पुढे सोळाव्या शतकातील सुधारकांनी देण्याच्या जागी शिक्षा आणली: आपली शिक्षा ख्रिस्ताने भोगली, म्हणून आपण सुटलो.

येथे आमच्या जुन्या व्यवहारशास्त्राची आठवण होते. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे कर्तव्य होते. २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या ऋणांपुरते ते बंधन गेले. परंतु त्या जुन्या शास्त्रातही मर्यादा होती. मद्य, जुगार यांपायी केलेले बापाचे कर्ज आणि राजाने बापाला केलेल्या दंडाची बाकी मुलाने देऊ नये, असे याज्ञवल्क्याने सांगून ठेवले आहे. किती सूक्ष्म विवेक हा! ऋण वारशाने येते, दंड येत नाही. कारण ऋण वस्तूला चिकटते, अपराध कर्त्याला. ऋण मित्रही फेडू शकेल. फाशी मात्र मित्राला देता येत नाही, आणि एखाद्या न्यायाधीशाने मित्राची तयारी पाहून ती दिलीच, तर त्याला कोणी दयाळू म्हणणार नाही.

आमच्या ओव्यापासून तळोज्याचे कारागृह दूर नाही. तेथे भेटीसाठी बायका मुले घेऊन येतात. त्या मुलांना बापाच्या कृत्याचे सर्व परिणाम भोगावे लागतात: घरात मिळवते कोणी नसते, शाळेत टोमणे, मनात भीती. तरी दारावरचा शिपाई कैद्यांच्या यादीत त्या मुलांची नावे लिहीत नाही. कारागृहाचा शिपाई जो भेद जाणतो, तो धर्मशास्त्राच्या आचार्यांना कळू नये हे नवल!

तथापि प्रतिपक्षाचे उत्तम ते सांगितलेच पाहिजे. अँसेल्मच्या पाठोपाठच अबेलार्डने वेगळी वाट दाखविली होती: क्रूस हा हिशेब फेडण्यासाठी नसून, ते प्रेम पाहून माणसाचे हृदय पालटावे म्हणून आहे. यावर आमचा काडीइतकाही आक्षेप नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असे म्हणत; त्या वाटेवर असते ती भक्ती, तेथे खतावणी लागत नाही.

इतके वाचून आमच्या वाचकांपैकी काहींना समाधान वाटले असेल. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांचा वाद रंगे, तेव्हा जमलेल्या गर्दीलाही असेच समाधान वाटत असेल. परंतु मिशनऱ्याची कोंडी झाली म्हणजे आपण सुटलो, असे होत नाही. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे षड्दर्शने कोळून प्यालेले पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि १८६० च्या आपल्या ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी आत्म्याचे अनादित्व व जन्मांतर यांवरच हत्यार धरले. त्या हल्ल्याला उत्तर देण्यापेक्षा देणाऱ्याला बाटगा म्हणणे आम्हांला सोपे वाटले.

आमचा पक्ष असा की, कर्मसिद्धांतात दुसऱ्याचे पाप नसते, स्वतःचेच असते. म्हणून तो न्याय्य. कागदावर हे खरे आहे. परंतु ज्या कृत्याची आठवण नाही, साक्ष नाही, आरोपपत्रही नाही, त्याची शिक्षा आणि परक्याच्या कृत्याची शिक्षा यांत भोगणाऱ्याच्या दृष्टीने अंतर कोणते? पहिली विषमता कोठून आली, असे विचारले तर बादरायण आणि शंकराचार्य संसार अनादि असल्याचे उत्तर देतात. अनादि म्हणणे म्हणजे पहिले पान फाडलेली खतावणी पुढे करणे होय. येणे तेवढे दिसते. मूळ व्यवहार दाखविता येत नाही.

आणि कागदावरून तो सिद्धांत गावात उतरला तेव्हा काय झाले? गीतेच्या नवव्या अध्यायात ‘पापयोनि’ हा शब्द आहे. तो श्लोक सर्वांना परमगती खुली करतो हे मान्य. परंतु दार उघडतानाच आत येणाऱ्यांच्या जन्मावर तो शिक्का मारतो, आणि शंकराचार्यांनी त्या शिक्क्याखाली स्त्रिया, वैश्य व शूद्र हे सर्व घेतले आहेत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) यांना वगळले, पण वगळून तो शब्द सरकारदप्तरी ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदलेल्या जातींना लावला! त्या नोंदीचा कायदा १८७१ चा. १९११ पासून तो मुंबई इलाख्यासही लावता आला. कैकाडी, पारधी यांची मुले जन्मतःच संशयित ठरली. सोलापुरास तारेच्या कुंपणात वसाहत झाली. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. मूळ पाप मानणारे राज्यकर्ते आणि पूर्वकर्म मानणारी प्रजा यांचे या एका गोष्टीवर किती सहज जमले, हे पाहण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात, स्त्रीजात पापी आणि त्या जन्मी तिला मोक्ष नाही, याविषयी आपण वाचलेल्या शास्त्रांचे एकमत आढळले, असे लिहिले आहे. ज्या बाईला आपण पाळण्यातच अपराधी ठरविले, ती दुसऱ्या धर्माच्या प्रायश्चित्ताकडे गेली, तर दोष कोणाचा? आमच्याच जिल्ह्यात महाडला १९२७ मध्ये अस्पृश्य चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. त्या पाण्याला कोणाचे पाप लागले होते? विचारण्याची सोयच नव्हती. जन्म हाच पुरावा होता.

यावर कोणी म्हणेल, मग जगातील विषम दुःखाचा उलगडा कसा करावयाचा? आम्ही विचारतो, तो उलगडा केलाच पाहिजे असे कोणी सांगितले? कारणे शोधावी, वैद्याने रोगाची, समाजाने दारिद्र्याची. ती सापडली की दूर करता येतात. परंतु अपराध शोधण्याची खोड लागली म्हणजे हात थांबतात, कारण शिक्षा भोगणाऱ्याची सुटका करणे हा न्यायात ढवळाढवळ करण्यासारखा प्रकार वाटू लागतो. परिणामांचा वारसा मानला तर आपल्यावर कर्तव्य येते. अपराधाचा वारसा मानला तर ते टळते. या सिद्धांतांची लोकप्रियता बहुधा येथेच आहे.

त्या घरी आम्ही महिन्याने पुन्हा गेलो. पाळणा अजून काढलेला नव्हता. आई म्हणाली, “सर, माझ्या बाळाने काय केले होते हो?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकविलेल्या माणसाजवळ एकच उत्तर होते, आणि ते द्यावयास महिना लागला याची लाज वाटली. “काही नाही, बाई. त्याने काहीही केले नव्हते.”