पांढरी पाने पाहून फवारणीची घाई नको

भाताची लावणी होऊन महिना लोटतो न लोटतो तोच खाचरात पांढऱ्या पट्ट्यांची पाने दिसू लागतात आणि शेतकरी पंप पाठीवर घेतो. ही घाई अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाने गुंडाळणाऱ्या अळीचा जीवनक्रम ध्यानी घेतल्यास याचे कारण उमगेल. पिवळसर तपकिरी पंखांवर गडद नागमोडी रेषा असलेला हा पतंग रात्री पानांवर अंडी घालतो. ती ४ ते ६ दिवसांत उबतात. अळी पानाच्या कडा रेशमी धाग्याने जोडून नळी करते व आत राहून हिरवा भाग खरवडते. दोन-तीन आठवड्यांनी ती कोषात जाते व सुमारे आठवड्याने पतंग बाहेर पडतो. म्हणजे पान पांढरे दिसते तेव्हा पुष्कळदा अळी तेथून निघून गेलेली असते. मग औषध मारावयाचे कोणावर?

फुटव्यांच्या काळात रोप गेलेल्या पानांची भरपाई नव्या पानांनी करते. उलट, लवकर केलेल्या फवारणीने कोळी, चतुर आणि अंड्यांचा नाश करणारे ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक मरतात व तुडतुड्यांना रान मोकळे मिळते. व्हिएतनामच्या लाँग आन प्रांतात १९९४ साली ‘पहिले ४० दिवस फवारू नका’ असा प्रचार झाला. तेथे फवारण्या सुमारे निम्म्यावर आल्या.

याचा अर्थ किडीकडे दुर्लक्ष करावे, असा मात्र नव्हे. पीक पोटरीत असता शेवटचे पान खाल्ले गेल्यास दाणा भरत नाही. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बांधावरून सल्ला न देता खाचरात उतरावे, गुंडाळी उलगडून जिवंत अळी आहे की नाही ते पाहावे. चुडामागे सरासरी दोन ताजी गुंडाळलेली पाने आढळली तरच शिफारशीचे औषध सुचवावे. तत्पूर्वी बांधावरील गवत काढणे, नत्र हप्त्याहप्त्याने देणे आणि पाणी भरलेल्या खाचरात पिकावरून दोर ओढून अळ्या पाडणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत.

शेतकरी बंधूंनो, आधी पान उलगडा. पंप मागाहून उचला.