उन्हाळ्यात मुलांना कोंडू नका, वेळ बदला

परीक्षा संपल्या की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टरसाहेब, पोराला बाहेर जाऊ देऊ की नको?’ नागपुरात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणे नवे नाही, त्यामुळे आईवडिलांची भीती रास्त आहे. पण ‘नको’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. दोन महिने घरात कोंडलेले मूल मोबाइलला चिकटते, त्याची झोप बिघडते, वजन वाढते. शिवाय रोज तास-दोन तास बाहेरच्या उजेडात वावरणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे.

गेल्या उन्हाळ्यात सहा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे दाखल झाला. पुण्याहून आजोळी येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. मामाने हौसेने सकाळी दहाला बागेत नेले. झोपाळे झाले, घसरगुंडी झाली, उसाचा रस झाला आणि साडेबाराला परतताना मूल असंबद्ध बोलू लागले. अंग नुसते तापलेले. घरच्यांनी तापाचे औषध पाजले, कांद्याचा रस तळपायाला चोळला, पांघरूण घालून झोपवले. त्यात पाऊण तास गेला. मुलगा वाचला, पण तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून.

नव्या उष्णतेची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. नागपूरच्या मुलाला जे झेपते ते सुटीसाठी आलेल्या पाहुण्या भाच्याला पहिल्या आठवड्यात झेपेलच असे नाही. लहान मुलाचे शरीर तसेही लवकर तापते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो.

विदर्भातली हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो. मुलाचा सदरा ओला दिसत नाही, म्हणून आईला वाटते की घामच नाही, पाणी कशाला? प्रत्यक्षात पाणी भराभर जात असते. मुंबईत उलटे आहे. तिथे घाम उडत नाही, अंगावरच राहतो, म्हणून 35 अंशांतही मूल गळून जाते. आपला कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो त्याचे कारण तेच. या कोरड्या हवेचा फायदाही आहे: डोक्याला ओला दुपट्टा बांधला तर इथे खरोखर गारवा मिळतो. खिशातल्या कांद्याने मात्र काही होत नाही, आजीची समजूत काढायची नसेल तर राहू द्या. तान्ह्या बाळाला पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळून दुपारी स्कूटरवर नेणे मात्र थांबवायलाच हवे. वारा लागतो म्हणून बरे वाटते, पण तो वारा अंगापेक्षा गरम असतो.

मग न्यायचे केव्हा? मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. तेव्हापासून साधारण आठपर्यंतचा काळ मुलांचा. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सची झाडी, काहीच नाही तर घराजवळचे मैदान. संध्याकाळची लोकांना जास्त ओढ असते, पण पाचला निघण्याची घाई नको. डांबर आणि भिंती दिवसभराची उष्णता तेव्हा बाहेर टाकत असतात. सूर्य मावळल्यावर निघा. लोखंडी घसरगुंडीवर आधी आपला हात ठेवून पाहा. बंद कारमध्ये मुलाला दोन मिनिटेही ठेवू नका, काच थोडी उघडी असली तरी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी, ताक किंवा पन्हे. तहान लागायची वाट न पाहता. रस प्यायचाच तर बर्फाशिवाय, कारण बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोणी सांगत नाही. तीन-चार तासांत लघवी झाली नाही किंवा गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

मूल भलतेच बोलू लागले, तोल जाऊ लागला, झटका आला, तर तो साधा ताप नाही. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. हे सुरू करून मगच 108 ला फोन. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही, कारण हा ताप जंतूंनी आणलेला नसतो. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

एवढे सांगून झाल्यावर मनात जो विषय राहतो, तो वेगळा आहे. ‘दुपारी घरात राहा’ हा सल्ला घर थंड आहे असे गृहीत धरतो. टिनाच्या छताच्या खोलीत दुपारी दोनला बाहेरच्या कडुनिंबाखालीपेक्षा जास्त उकडते. आमच्या वॉर्डात उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांपैकी बरीच अशाच खोल्यांतून येतात, सहलीवरून नव्हे. अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, नागपूरनेही पुढे तसा आखला. दुपारी उद्याने उघडी ठेवणे ही अशा आराखड्यांतली साधी तरतूद आहे. तरीही गेल्या मे महिन्यात दुपारी एक वाजता मी एका बागेसमोरून गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होते. आत कडुनिंबाची गर्द सावली आणि बाहेर भिंतीच्या वीतभर सावलीला चिकटून तीन मुले गोट्या खेळत होती.

एक चौकीदार आणि नळाला पाणी, एवढ्यावर ती बाग दुपारी उघडी राहू शकते. मे यायला अजून काही दिवस आहेत. आपल्या वस्तीतली बाग दुपारी बंद असेल, तर वाचकांनी झोन कार्यालयात तसा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.